कॅम्पचे बूट, गडावरचे बूट

(कॉलेजच्या एनसीसी कॅडेट्सपुढे कॅम्पला जायच्या आठवडाभर आधी केलेलं बोलणं, थोडं नीटनेटकं करून.)

विश्राम. आराम से. आता बघा, ‘आराम से’ म्हटलं की अंग ढिलं सोडायला परवानगी असते पण पाय जागचे हलवायचे नाहीत, म्हणजे आराम सगळ्यांना, पायांना सोडून. आज एक तास तरी पायांच्या बाजूने बोलतो.

तुमच्या सरांनी मला शिस्तीवर बोलायला सांगितलं होतं. मी म्हटलं शिस्तीवर बोलणारे ढीगभर आहेत, मी बुटांवर बोलतो. कारण माझ्या पहिल्या सीएटीसीला, १० दिवसांचा कॅम्प, मी नवेकोरे बूट घेऊन गेलो होतो, आदल्या दिवशी संध्याकाळी दुकानातून आणलेले, आरशासारखे चकचकीत, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही टाचांवर रुपयाएवढे फोड घेऊन एमआय रूमच्या, म्हणजे कॅम्पच्या दवाखान्याच्या, बाहेर बसलो होतो. पुढचे दिवस मी स्लीपर घालून बाकीच्यांची परेड बघितली. त्यामुळे माझी परेड आजही कच्ची आहे पण बुटांचा अभ्यास पक्का आहे.

आपण म्हणतो बूट चावला. खरं तर तो चावत नाही. कातडी मोज्याला आणि बुटाला चिकटून राहते, आतलं हाड पावलागणिक पुढेमागे सरकतं, मग कातडीचे थर एकमेकांपासून ओढले जातात आणि मधल्या फटीत पाणी भरतं, झाला फोड. पाय घामाने ओला असेल तर कातडी जास्त चिकटते आणि हे काम लवकर होतं. म्हणजे दोष नुसत्या कडक चामड्याचा नाही, टाच आत वरखाली होतेय याचा आहे. हे कळलं की निम्मी खरेदी सोपी होते, कारण मग तुम्ही दुकानात बूट दाबून मऊ आहे का ते बघत नाही, टाच धरतो का ते बघता.

आता परेडचा बूट. आपण त्याला डीएमएस म्हणतो, डायरेक्ट मोल्डेड सोल. चामड्याचा वरचा भाग साच्यात बसवतात आणि उष्णता आणि दाब देऊन रबराचा सोल तिथल्या तिथे त्याच्यावर घडवतात. ब्रिटिश सैन्यात हे १९६० च्या आसपास आलं, त्याच्या आधीचे बूट म्हणजे चामड्याचा सोल आणि त्याला ठोकलेले खिळे, फरशीवर चालले तर ठिणग्या उडायच्या. डीएमएसला सोलची शिवण नाही त्यामुळे खालून पाणी शिरत नाही, सोल सहसा सुटत नाही, आणि रबर कडक असतं कारण आपण गुडघा वर घेऊन टाच आपटतो, रोज शेकडो वेळा, तिथे मऊ रबर महिनाभरात उडालं असतं. त्या कामाला तो बूट उत्तम आहे. पण मग कोणीतरी तोच बूट घालून पावसाळ्यात राजगडला येतो.

मी दर शनिवार-रविवार गडांवर पोरं घेऊन जातो, टाक्यांतला गाळ काढणं, पडलेली दगडं रचून ठेवणं, कचरा खाली आणणं असलं काम, आणि दर सीझनला असा एक तरी कॅडेट येतोच ज्याला वाटतं आर्मीचा बूट म्हणजे कुठेही चालणार. बालेकिल्ल्याच्या कातळातल्या पायऱ्या, वरून पावसाची धार, त्यावर शेवाळ, आणि पायात कडक रबराचा, उथळ नक्षीचा सोल. तो पोरगा वर चढतो, तरुण असतो, चढताना काही वाटत नाही. उतरताना मात्र बसून उतरतो. पँटची सीट झिजते, सोल तसाच राहतो!

इथेच खरा झगडा आहे बघा. टिकाऊ आणि आरामशीर, टिकाऊ आणि पकड घेणारा, हे दोन्ही एका रबरात पूर्ण मिळत नाही. कडक रबर वर्षानुवर्षं टिकतं पण ओल्या बेसॉल्टवर घसरतं, मऊ रबर कातळाला चिकटतं पण डांबरी रस्त्यावर खोडरबरासारखं झिजतं. म्हणून ‘सगळ्यात टिकाऊ बूट कुठला’ हा प्रश्न मला विचारू नका, सांगा की कुठे घालणार. झिजायला काहीतरी हवंच, मग सोल झिजू दे की, पाय कशाला.

सोलच्या नक्षीची गोष्ट सांगतो, मला फार आवडते. इटलीत विटाले ब्रामानी नावाचा गिर्यारोहक होता. १९३५ मध्ये आल्प्समधल्या पुंता रासिका शिखरावर त्याच्या सोबतचे ६ जण थंडीवाऱ्यात अडकून जिवानिशी गेले. त्या काळी खाली चालायला खिळ्यांचे जड बूट आणि वर कडा चढायला पातळ हलके बूट अशी पद्धत होती, आणि वर हवामान बिघडलं तर त्या पातळ बुटांत ना ऊब, ना बर्फावर पकड. ब्रामानीने डोकं लावून खोल खाचांचा रबरी सोल बनवला, १९३७ मध्ये पेटंट घेतलं, आणि स्वतःच्या नाव-आडनावाचे तुकडे जोडून नाव ठेवलं विब्रम. आज ट्रेकिंगच्या बुटाखाली ज्या जाडजाड खाचा दिसतात ना, त्यांचं मूळ हे. आपल्याकडे त्या खाचांचं काम थोडं वेगळं आहे, मुरमाच्या घसाऱ्यावर आणि चिखलात त्या रुततात. कोरड्या कातळावर त्यांचा फारसा उपयोग नाही, तिथे रबर किती मऊ आणि दगडाला किती टेकतंय तेच महत्त्वाचं. म्हणून तर गडाखालच्या वाडीतले मामा टायरच्या चपला घालून आपल्या पुढे पळतात. अर्थात त्यांच्या पायांना जन्माची सवय आहे, तुम्ही प्रयोग करू नका.

वॉटरप्रूफ. हा शब्द ऐकला की पालक लोक लगेच खिसा उघडतात. त्या बुटात आतून एक पातळ पडदा असतो, बाहेरचं पाणी अडवतो आणि घामाची वाफ हळूहळू बाहेर सोडतो. हिमालयात बर्फात चालताना झकास. पण सह्याद्रीत जुलैमध्ये पाणी बुटातून शिरत नाही हो, पाणी वरून शिरतं, पायावरून ओघळत मोज्यातून आत, नाहीतर ओढा ओलांडला की घोट्यापर्यंत भरतोच. आणि एकदा आत गेलं की तो पडदा ते बाहेर जाऊ देत नाही, दिवसभर तुम्ही दोन बादल्या घेऊन चालताय. अमेरिकन सैन्याने व्हिएतनामसाठी जो जंगल बूट दिला त्याला उलट खाली बाजूला छोटी भोकं ठेवली होती, पाणी निघून जावं म्हणून. आपल्या पावसाला ते डोकं लागतं. जाळीचा, पटकन वाळणारा, चांगल्या पकडीचा बूट घ्या, भिजणार हे धरून चला, आणि सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत कोरडे मोजे ठेवा, मुक्कामाला पोचलं की पहिलं काम ते. कॉटनचे मोजे मात्र नको, ते पाणी धरून बसतात. लोकरीचे नाहीतर सिंथेटिक.

आता एक धोका जो कोणी सांगत नाही. माझा एक मित्र, बूट चांगला महागाचा, मोजून दोन ट्रेक केलेला, मग नोकरी-लग्न-पोरं, बूट पाच-सहा वर्षं कपाटाच्या वर, खोक्यात, जपून. हरिश्चंद्रगडाला निघाला, तोलार खिंडीच्या आधीच एका बुटाचा सोल मगरीसारखा जबडा उघडून बसला, तासाभरात दुसऱ्याचाही. शेवटी दोरीने बांधून खाली आणला. त्याला वाटलं दुकानदाराने फसवलं. तसं नव्हतं. बऱ्याच बुटांत सोलच्या वर पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो, त्याला हवेतला दमटपणा आतून खातो, वापरा नाहीतर ठेवा, आणि मुंबई-कोकणासारख्या हवेत तर लवकरच. काही वर्षांनी त्याचा ब्रेडच्या चुऱ्यासारखा भुगा होतो. त्यामुळे दादाचे जुने बूट मिळाले म्हणून खूश होऊ नका, आधी अंगठ्याने तो थर जोरात दाबा, सोल वाकवून बघा, भेगा दिसल्या की राहू द्या. आणि सेलमध्ये फार जुना स्टॉक निम्म्या किमतीत मिळतोय तेव्हाही हेच.

मुलींसाठी वेगळं सांगायचंय. कॅन्टीनच्या आसपासच्या दुकानांत पाच नंबरचा बूट मागितला की बऱ्याचदा मुलांच्याच साच्यातला लहान नंबर मिळतो. मुलींची टाच साधारणपणे पंजाच्या मानाने अरुंद असते, त्यामुळे पंजा बरोबर बसतो आणि टाच आत डुलते, आणि मघाशी सांगितलं तसं, टाच डुलली की फोड. मग मुली एक नंबर लहान घेतात आणि बोटं चेंबतात. तसं करू नका. बोटांच्या मापाचा घ्या आणि टाच लेसने आवळा, वरच्या दोन भोकांत लेसचा छोटा फास करून समोरची लेस त्यातून ओवायची, टाच मागे जखडून बसते. नंतर येऊन दाखवून घ्या, सांगून कळत नाही.

आता युनिफॉर्मचे पैसे तुमच्या खात्यात येतात, म्हणजे बूट निवडायची जबाबदारी पण तुमची. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा फुगतो, सकाळी घेतलेला बूट रात्री घट्ट होतो. जे मोजे कॅम्पला घालणार तेच घालून जा. आपल्याकडे चालतो तो यूके नंबर, त्यात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या नंबरनेही फरक पडतो. पायऱ्या असतील तर त्या उतरून बघा, उतरताना बोटं पुढे आपटली तर उतारावर नखं काळी होणार. दोन्ही पाय घाला, बहुतेकांचा एक पाय मोठा असतो, मोठ्याचं ऐकायचं. आणि मग निदान दोन-तीन आठवडे घरात, क्लासला, बाजारात, थोडं थोडं घालून फिरा. लोणच्यासारखं असतं, चामडं मुरावं लागतं. तुमच्याकडे आठवडाच आहे, तर आज रात्रीपासून. आई ओरडेल घरात बूट घातले म्हणून, माझं नाव सांगा.

बाकी कामं. विसर्जनाच्या बंदोबस्ताला डांबरावर आठ-आठ तास उभं राहायचं असतं, तिथे पकड-बिकड काही नाही, आत मऊ इनसोल टाका बस्स. पुनीत सागर अभियान, २०२१ पासून चालू आहे, त्यात किनाऱ्यावरचं प्लास्टिक उचलताना चामड्याचे बूट नेऊ नका, खाऱ्या पाण्याने पांढरे डाग पडतात आणि चामडं वाळून कडक होतं. जुने कॅनव्हासचे घाला. अनवाणी तर अजिबात नको, वाळूत काचा आणि मासेमारीचे गळ असतात.

पॉलिश तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं. फक्त भिजलेला बूट गॅसजवळ किंवा हीटरपुढे वाळवू नका, चामडं तडकतं, चिकटवलेला सोल सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला, सावलीत ठेवा.

बरं, बोलणं खूप झालं. आता सगळ्यांनी बूट काढा, आतला इनसोल बाहेर ओढा, जमिनीवर ठेवा आणि त्याच्यावर उभे राहा. ज्यांची बोटं कडेच्या बाहेर येतायत त्यांनी डावीकडे लाईन करा, ज्यांच्या बोटांपुढे अंगठाभर जागा आहे त्यांनी उजवीकडे. आणि थांबा थांबा, काढायच्या आधी कोणीतरी त्या मागच्या खिडक्या उघडा.