देवयानीचा राग का येतो?

पेडणे तालुक्यातील केरीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने तेरेखोल नदी ओलांडली, की पुढे थोड्याच अंतरावर शिरोडे लागते. १९२० ते १९३८ या काळात वि. स. खांडेकर तेथे शिक्षक होते. त्यांची १९५९ साली प्रसिद्ध झालेली ‘ययाति’ ही कादंबरी गोव्यातील मराठी घरांत आजही आवडीने वाचली जाते, आणि तिच्याविषयी बोलणे निघाले, की दासी झालेल्या शर्मिष्ठेबद्दल हळहळ आणि ययाति राजाची राणी देवयानी हिच्याबद्दल चीड हमखास व्यक्त होते.

वास्तविक देवयानी गोमंतकीय रसिकांना परकी नव्हती. देवळांच्या उत्सवांत रात्र रात्र जागून संगीत नाटके पाहणाऱ्या या प्रदेशाने खाडिलकरांच्या ‘विद्याहरणा’तील, वडिलांचा शिष्य असलेल्या कचावर जीव जडलेल्या देवयानीवर मनापासून प्रेम केले. कादंबरीत मात्र ती राणी होते, पतीवर आणि राजवैभवावर हक्क सांगते, आणि तेथेच वाचकाचे मन तिच्यावरून उडते. झुरणारी नायिका आपण जवळ करतो; मागणारी आपल्याला खुपते.

कादंबरीच्या रचनेचाही यात वाटा आहे. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी स्वतः सांगतात, परंतु आरंभ ययातीच्या कथनाने होत असल्यामुळे देवयानीला तोंड उघडण्याची संधी मिळेपर्यंत वाचक ययातीच्या अतृप्त मनाशी समरस झालेला असतो.

मीलनाच्या पहिल्या रात्रीचा प्रसंग पाहावा. मद्याचा वास येताच देवयानी ययातीला झिडकारते आणि वाचक तिला गर्विष्ठ ठरवून मोकळा होतो. असुरांनी कचाची राख मद्यात कालवून देवयानीचे वडील शुक्राचार्य यांना पाजली होती. ज्या मुलीने हा अनर्थ स्वतःच्या घरात पाहिला, तिला त्या वासाने काय आठवले असेल, याचा विचार सहसा होत नाही.

तिचे अपराध लहान नाहीत. शर्मिष्ठेने विहिरीत ढकलले म्हणून एका राजकन्येला जन्माची दासी करणे हा क्रूर सूडच आहे. परंतु पोटच्या मुलाचे तारुण्य घेणारा ययाति केवळ कबुलीजबाबाच्या बळावर वाचकाची सहानुभूती मिळवतो, आणि आपल्याच दासीला आपल्याच पतीपासून मूल झाल्याचे कळल्यावर संतापलेल्या पत्नीला मात्र त्या संतापाचीही मुभा मिळत नाही, हे मला अन्यायाचे वाटते.