भोंगा, प्रेस आणि गिटार

नमस्कार मंडळी. पहिल्या तीन रांगा रेल्वेच्या दिसतात, त्यामागे ऑर्डनन्सवाले. भिंतीला टेकून उभी असलेली पोरं माझ्या विषयासाठी आलीत असं मी धरून चालतो. पोरांनो, उभे राहू नका, पुढे सतरंजीवर या.

पत्रिकेत विषय छापलाय 'तीन शहरं, तीन बॅण्ड'. बर्मिंगहॅमचा ब्लॅक सॅबथ, लिव्हरपूलचे बीटल्स आणि ॲबर्डीनचा निर्व्हाना. भुसावळात बॅण्ड म्हटलं की पहिला प्रश्न येतो, लग्न कोणाचं? मला तो प्रश्न आवडतो, आणि शेवटी वेळ उरला तर मी लग्नाच्या बॅण्डवरच येणार आहे. ब्लॅक सॅबथ कोणी कोणी ऐकलाय? हात वर करा. सात. छान. मग उरलेल्यांसाठी पहिल्यापासून सांगतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की बॅण्डचा आवाज कुठून येतो हे बघायचं असेल तर त्या पोरांचं गाव बघा, घर बघा, आईबाप कोणत्या पाळीला जात होते ते बघा. ही गोष्ट मला पुस्तकातून कळली नाही, रेल्वे क्वार्टरमध्ये कळली. वडील लोकोशेडमध्ये होते. भोंगा वाजला की आई चहा टाकायची, घड्याळ बघायची नाही. शेजारचे काका कॅरेज-वॅगनला. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन ते एकेक चाक ठोकत जायचे. चाक चांगलं असेल तर टण्ण असा लांब आवाज येतो. तडा असेल तर बद्द. एकदा मी त्यांच्यामागे चालत होतो. एका चाकापाशी ते थांबले, परत ठोकलं, मान हलवली आणि खडूने खूण केली. मला दोन्ही आवाज सारखेच वाटले होते. ते म्हणाले, ''अजून दहा वर्षं ऐक, मग कळेल.'' पुढे मी तबला शिकलो, गिटार शिकलो, पण ऐकायला मला त्या काकांनी शिकवलं.

आता हे मनात ठेवा आणि बर्मिंगहॅमला चला. तिथला ॲस्टन हा भाग. कारखान्यांचं शहर, धातूकामाचं शहर. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांनी ते भाजून काढलं होतं. ब्लॅक सॅबथची चारही पोरं १९४८-४९ सालची, म्हणजे युद्ध संपून तीन-चार वर्षंच झालेली, आणि बॉम्बने पडलेल्या घरांच्या मोकळ्या जागा हेच त्यांचं मैदान. गायक ऑझी ऑस्बोर्नचे वडील टूलमेकर, रात्रपाळीला. आई मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात, दिवसपाळीला. सहा भावंडं आणि एवढंसं घर. बाप झोपायला आला की आई निघाली. इथे बसलेल्यांपैकी कितीजणांचं घर असंच चाललं, ते मला मोजायची गरज नाही.

ऑझी शाळेत मागे पडला, कारण अक्षरं त्याला नीट वाचता यायची नाहीत. डिस्लेक्सिया हा शब्द तेव्हा त्याच्या घरात कोणाला माहीत असणार? शाळा सुटली आणि आईच्याच कारखान्यात लागला. काम काय, तर मोटारीचे हॉर्न वाजवून त्यांचा सूर लावायचा. दिवसभर हॉर्न! माझ्या काकांची हातोडी आठवली का? पुढे तो कत्तलखान्यात होता. मग चोरी केली, पकडला गेला, दंड झाला. वडिलांकडे दंड भरण्याची सोय होती, पण त्यांनी भरला नाही. जा तुरुंगात, म्हणाले. सहा आठवडे तो आत होता. त्या बापाबद्दल मी खूप विचार केलाय. मला तो वाईट वाटत नाही.

आता गिटारवाला टोनी आयोमी. याच्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण आज मी त्याच्यासाठीच आलोय. इटालियन वंशाचं घर, आईबापाचं छोटं दुकान, एकुलता एक पोरगा. ऑझीच्याच शाळेत एक वर्ष पुढे, आणि ऑझी त्याला घाबरायचा. टोनी डावखुरा. म्हणजे गिटारच्या पट्टीवर तारा दाबायला उजवा हात. सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंगला होता. त्याला एका बॅण्डबरोबर जर्मनीला जायचं होतं, म्हणून नोकरी सोडली. तो शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला आणि म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, जा, काम पूर्ण करून ये.

मंडळी, आपल्यापैकी कोणाची आई वेगळं काही म्हणाली असती?

तो परत गेला. पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करणारी बाई त्या दिवशी आली नव्हती, म्हणून त्याला तिच्या मशीनवर लावलं. प्रेस खाली आली. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि करंगळीशेजारच्या बोटाचं टोक गेलं. मागे बसलेल्या ऑर्डनन्सवाल्यांना प्रेस कशी येते हे मी सांगायला नको. डॉक्टर म्हणाले, गिटार विसर.

मग कारखान्यातलाच वरचा माणूस त्याच्या घरी आला आणि जबरदस्तीने एक रेकॉर्ड ऐकायला लावली. टोनी म्हणाला, छान वाजवतोय, पण मला आता काय उपयोग? तो म्हणाला, हा वाजवणारा दोन बोटांनी वाजवतोय. तो होता जँगो राइनहार्ट, जिप्सी गिटारवादक. १९२८ साली त्याच्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली. वाजवणं त्याने सोडलं नाही.

टोनीने काय केलं ते ऐका. भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, गोळा केला, त्याला बोटाच्या मापाने भोक पाडलं, घासलं, टोपणं केली. ती तारेवरून घसरत होती, म्हणून जुन्या जाकिटाचं चामडं लावलं. जाड तारा दाबल्या जात नव्हत्या आणि बारीक तारांचे संच तेव्हा मिळत नव्हते, म्हणून बँजोच्या तारा गिटारला ओढल्या. हे गॅरेजच्या माणसाचं डोकं आहे. पार्ट मिळत नाही ना, मग दुसऱ्या गाडीचा बसव. पुढे १९७१च्या तिसऱ्या अल्बमपासून त्याने काही गाण्यांसाठी तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. सैल तार बोटाला सोपी जाते. आणि सैल तारेतून जो जड, घोगरा आवाज निघाला त्यालाच पुढे हेवी मेटल म्हणायला लागले.

बँजोवरून एक सांगून टाकतो. तिकडचा बँजो आणि आपल्या वरातीतला बँजो वेगळे. आपल्या बँजोला टाइपरायटरसारखी बटणं असतात. तो मुळात जपानी, नागोयाच्या एका वादकाने १९१२ साली केलेल्या ताइशोगोतोचा वंशज, आपण त्याला बुलबुलतरंग म्हणतो. जपानातून निघून तो धुळ्या-चाळीसगावच्या वरातीत ॲम्प्लिफायरला जोडला गेला. त्यावर स्वतंत्र व्याख्यान होईल, आयोजकांनी मनावर घ्यावं.

ड्रमवाला बिल वॉर्ड सांगायचा, की लहानपणी अंथरुणात पडल्या पडल्या कारखान्यातले घणाचे ठोके ऐकू यायचे आणि तो त्यावर ताल धरायचा. गाण्याचे बहुतेक शब्द लिहिणारा गीझर बटलर आयरिश कॅथलिक घरातला, सात भावंडांत धाकटा. युद्ध आणि ते लावणारे पुढारी त्याच्या शब्दांत आले ते असे नाहीत आले. पडकी घरं बघत मोठा झाला होता तो. पहिला अल्बम एका दिवसात ध्वनिमुद्रित केला, १३ फेब्रुवारी १९७०ला बाजारात आला. त्याच काळात इतर बॅण्ड फुलांची आणि प्रेमाची गाणी म्हणत होते. ॲस्टनमध्ये फुलं कुठली?

आता माझं गाऱ्हाणं ऐका. कॉलेजात आमचा सहाजणांचा ऑर्केस्ट्रा होता. गायक चाळीसगावकडचा, घरी अहिराणी. कानबाई देवीच्या गाण्यांची चाल घेऊन आम्ही गिटार, ढोलक आणि बँजोवर एक गाणं बसवलं होतं, अहिराणीतच. स्पर्धेला मोठ्या शहरात गेलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परीक्षक मात्र माइकवर म्हणाले, आवाज चांगला आहे, पण भाषा सुधारा, शुद्ध मराठीत गा. सगळ्यांसमोर. परतीच्या पॅसेंजरमध्ये गायक माझ्यासमोर बसला होता. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. तो म्हणाला, ''भाऊ, आते माले गावाले नको सांगू.'' तो पुन्हा गायला नाही. मी त्याला नंतर पंचवीस वर्षं भेटत राहिलो, लग्नात, बारशात, दुकानात. गुणगुणतानाही ऐकला नाही.

आपल्याकडे याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी असोद्याच्या एका बाईने देऊन ठेवलंय. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. जात्याला त्या घरोट म्हणाल्या, कारण घरात घरोटच म्हणत होते. १९५२ साली अत्र्यांच्या पुढाकाराने त्या कविता छापल्या गेल्या तेव्हा कोणी घरोटाचं जातं केलं नाही. आमच्या गायकाच्या वाट्याला मात्र अत्रे आले नाहीत. परीक्षक आले.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं. दोन शहरं बाकी आहेत, म्हणजे आता पळावं लागेल.

लिव्हरपूल. हे शहर तुमच्या ओळखीचं आहे, फक्त तुम्हाला माहीत नाही. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली, तिथला कापूस थांबला, विलायतेच्या गिरण्या बंद पडायला आल्या आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेशात त्या तेजीत पैसा खेळला, त्याच दशकात जीआयपी रेल्वेचे रूळ भुसावळला पोचले. विलायतेतल्या कापसाचा बाजार होता लिव्हरपूल. पुढे त्याच बाजारात जिम मॅकार्टनी नावाचा माणूस कापसाचा विक्रेता होता. संध्याकाळी स्वतःचा जॅझ बॅण्ड चालवायचा. बीटल्सचा पॉल त्याचा मुलगा. घरात पियानो, घरात बापाचं वाजवणं. जॉन लेननचा बाप बोटीवर, घरात नसलेला. जॉनला तारा दाबायला शिकवल्या आईने, आणि त्या बँजोच्या पद्धतीने. पुन्हा बँजो! पॉलची आई तो चौदाचा असताना गेली, जॉनची सतराचा असताना. दोन पोरकी पोरं, एक बंदर, बोटींतून येणारं जग. त्यांचं १९६३मधलं गाणं रेडिओवर ऐकून ॲस्टनच्या ऑझीने ठरवलं, की आपण हेच करायचं.

ॲबर्डीन. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं लाकूडतोडीचं गाव, पावसाचं. लाकडाचा धंदा बसला, गाव बसलं. निर्व्हानाचा गायक कर्ट कोबेन १९६७चा, नऊ वर्षांचा असताना आईबाप वेगळे झाले. चौदाव्या वाढदिवसाला मामाने विचारलं, सायकल हवी की गिटार. त्याने गिटार घेतली. १९९१च्या अल्बमने तो जगभर गेला, १९९४मध्ये सत्ताविसाव्या वर्षी त्याने जीव दिला. त्याच्या ओरडण्यात ते बंद पडलेलं गाव आहे असं मला वाटतं, आणि ते घरही. यावर अर्धा तास बोलायचं होतं.

आता मघाशी एका मुलाने पायरीवर गाठून विचारलं ते. ॲस्टनमध्ये हजारो पोरं कारखान्यात होती, मग बॅण्ड चौघांचाच का? बरोबर प्रश्न आहे. गाव गुण देत नाही. गुण कोणात येईल सांगता येत नाही. पण गुण आल्यावर हाताशी काय असेल ते गावच ठरवतं. टोनीच्या हाताशी प्रेस होती, साबणाची बाटली होती, रेकॉर्ड घेऊन घरी येणारा वरिष्ठ होता. तो माणूस आला नसता तर? मी आमच्या गायकाच्या घरी गेलो होतो का? एकदा गेलो, आणि नको म्हणाल्यावर परत आलो. रेकॉर्ड घेऊन गेलो नाही.

दोन मिनिटं. लग्नाच्या बॅण्डवर येतो म्हटलं होतं.

५ जुलै २०२५ला ब्लॅक सॅबथचे चौघे शेवटचे वाजले, ॲस्टनच्याच व्हिला पार्क मैदानावर. ऑझीला चालता येत नव्हतं, सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. २२ जुलैला तो गेला. ३० तारखेला अंत्ययात्रा बर्मिंगहॅमच्या ब्रॉड स्ट्रीटवरून निघाली, कालव्यावरच्या त्या पुलापर्यंत, ज्याला आता ब्लॅक सॅबथचं नाव आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हजारो माणसं. आणि शवगाडीसोबत गिटारवाले नव्हते, गावातलं पितळी वाद्यांचं पथक होतं. ट्रम्पेट, मोठे भोंगे, ढोल, आपल्या वरातीत असतात तसेच. ते त्याचीच गाणी वाजवत होते. पथकाचं नाव बॉस्टिन ब्रास. बॉस्टिन हा तिकडच्या बोलीतला शब्द, म्हणजे लई भारी. ऑझी जन्मभर त्याच बोलीत बोलला, आणि त्या दिवशी पथकाच्या नावातही तीच बोली होती. कोणी ती सुधारली नव्हती.

सतरंजीवरच्या पोरांपैकी दोघांच्या पाठीवर गिटारच्या पिशव्या दिसतायत. अध्यक्ष महाराज, माझी उरलेली मिनिटं त्यांना द्या. माइक खाली घ्या जरा.