दोघांच्या नावावरचं भाड्याचं घर आणि अमेरिकेतलं टॅक्स रिटर्न

अमेरिकेत नवरा-बायकोने मिळून घर घेतलं आणि भाड्याने दिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, आता आमची पार्टनरशिप झाली का, तिचं वेगळं रिटर्न भरावं लागेल का? बहुतेकांची झालेली नसते. घर दोघांचं आहे, तुम्ही ते नीट ठेवताय, भाडं घेताय, एवढ्यावर पार्टनरशिप होत नाही, नियमातच तसं लिहिलंय. जॉइंट रिटर्न (दोघांचं मिळून एकच) भरत असाल तर शेड्यूल ई या त्याच रिटर्नच्या पुरवणी फॉर्मवर भाडं आणि खर्च दाखवायचे, झालं. हां, राहणाऱ्यांची रोजची साफसफाई, चादरी-टॉवेल, अशी हॉटेलसारखी सेवा देत असाल तर मात्र हिशोब बदलतो.

खरी गडबड एलएलसीपासून, म्हणजे मालकांची जबाबदारी मर्यादित ठेवणाऱ्या कंपनीपासून, सुरू होते. कुणीतरी सांगतं की कोर्टकचेरी झाली तर आपली बाकीची मालमत्ता सेफ राहते, म्हणून लोक दोघांच्या नावाने एलएलसी काढतात, आणि ते कारण चुकीचं नाहीच, पण दोन मेंबर म्हणजे मालक झाले की आयआरएस (अमेरिकेचं टॅक्स खातं) तिला पार्टनरशिप धरतं, मग दरवर्षी फॉर्म १०६५ (पार्टनरशिपचं रिटर्न), सोबत ८८२५ (भाड्याचा हिशोब), दोघांना एकेक के-१ (आपापल्या हिश्श्याचा फॉर्म), आणि तारीख १५ एप्रिल नाही तर १५ मार्च. उशीर झाला तर दंड दर महिन्याला, दर पार्टनरमागे, १२ महिन्यांपर्यंत, टॅक्स एक डॉलरही देणं नसलं तरी! एका छोट्या घरासाठी हे ओझं घ्यायचं का ते एलएलसी काढायच्या आधी ठरवा, म्हणून मी हे इतकं कळकळीने सांगतोय. टेक्सास, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन अशी कम्युनिटी प्रॉपर्टीची, म्हणजे लग्नानंतरची कमाई साधारणपणे दोघांची मानणारी, ९ राज्यं आहेत, तिथे एलएलसी दोघांची कम्युनिटी प्रॉपर्टी असेल तर वेगळं रिटर्न न भरण्याची मुभा २००२ पासून आहे.

नवरा-बायकोच्या धंद्याला पार्टनरशिपचं वेगळं रिटर्न टाळायचा क्वालिफाइड जॉइंट व्हेंचर म्हणून एक पर्याय २००७ पासून मिळतो, पण एलएलसी असेल तर तो नाही. दोघांनीही कामात खरंच भाग घेतलेला हवा आणि रिटर्न जॉइंट हवं. मग उत्पन्न-खर्च आपापल्या हिश्श्याने वाटून दाखवायचे.

डेप्रिसिएशन, म्हणजे इमारतीच्या झिजेची दरवर्षीची वजावट, कृपा करून सोडू नका. राहण्यासाठी भाड्याने दिलेल्या घराच्या इमारतीची किंमत साडेसत्तावीस वर्षांत वजा होते, जमिनीची किंमत त्यात धरायची नाही. काही जण म्हणतात आम्ही घेतलंच नाही म्हणजे विकताना त्रास नाही, तसं नसतं, घेतलं नसलं तरी घेण्यासारखं होतं तेवढं धरूनच विक्रीचा नफा काढतात. म्हणजे दरवर्षीची वजावट गेली आणि शेवटी टॅक्स तर भरायचाच, हे बघून खरंच वाईट वाटतं.

आणि तोटा आला तर? घराचे निर्णय तुम्ही घेत असाल तर वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतचा तोटा पगारातून वजा होतो, उत्पन्न १ लाखाच्या वर गेलं की ही सवलत कमी होत जाते आणि दीड लाखाला संपते. एकत्र राहून वेगवेगळं रिटर्न भरलंत तर ती शून्य, हे वेगळं भरायचा विचार करणाऱ्यांनी आधी बघावं. न वापरलेला तोटा वाया जात नाही, पुढच्या वर्षांत जातो, भाड्यात नफा होईपर्यंत किंवा घर विकेपर्यंत, त्यामुळे या तोट्याचा हिशोब असलेल्या फॉर्म ८५८२ ची कॉपी दरवर्षी जपून ठेवा.