टोर्नेडो मुंबईच्या वाटेला सहसा का जात नाही?

(दृश्य: धुळीने तांबूस झालेलं आभाळ, बाल्कन्यांत फडफडणारे कपडे)

१३ मे २०२४. दुपार कलली आणि मुंबई धुळीत गडप झाली. वडाळ्यात पार्किंगचा लोखंडी टॉवर कोसळला. घाटकोपरला अवाढव्य होर्डिंग पेट्रोल पंपावर पडलं, १७ जण गेले. असं काही झालं की कुणीतरी म्हणतंच, "टोर्नेडो होता हो!"

नव्हता. गडगडाटी ढगातून गार हवा धाडकन खाली आदळते आणि जमिनीलगत सुसाट पसरते, तो हा वारा. टोर्नेडो गरगरतो, त्याची सोंड ढगातून थेट जमिनीला टेकते. आणि तौक्तेसारखं चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरतं; टोर्नेडो बहुतेकदा काही मिनिटांतच आटोपतो.

(दृश्य: अमेरिकेचा नकाशा)

टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का: टोर्नेडोचं माहेर. मेक्सिकोच्या आखातावरून दमट हवा येते, पश्चिमेच्या उंच भागातून आलेली कोरडी हवा तिच्या वर सरकते, आणि त्याहून वर जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरून पश्चिमेकडून सुसाट वाहणारा वारा. खालचा वारा एका दिशेचा, वरचा दुसऱ्या. मधली हवा पोळपाटावरच्या लाटण्यासारखी आडवी फिरू लागते. उन्हाने तापून वर चढणारा झोत तिला उभी करतो. म्हणून तिथे जोर एप्रिल ते जून, तोही दुपारनंतर, रात्री नऊपर्यंत. अमेरिकेत वर्षाला साधारण १,२०० होतात.

एकाच टोर्नेडोत सर्वांत जास्त बळी मात्र आपल्या शेजारी गेले. २६ एप्रिल १९८९, बांगलादेशातला माणिकगंज जिल्हा: सुमारे १,३०० मृत्यू. वैशाखात तिथे बंगालच्या उपसागराची ओल, तिच्यावर छोटा नागपूरकडून येणारी तापलेली कोरडी हवा, आणि जेट प्रवाहही तेव्हा उत्तर भारतावरच असतो. सगळं सामान एकाच जागी. ३१ मार्च २०२४ला पश्चिम बंगालमध्ये जलपाईगुडीतल्या मयनागुडीनेही टोर्नेडोचा तडाखा खाल्ला.

(दृश्य: मरीन ड्राइव्ह, दुपार)

मुंबईत ओल कमी नाही, घामाच्या धारा साक्षीला आहेत! पण मे महिन्यात समुद्राच्या वाऱ्याने आणलेली ती ओल फार उंच जात नाही, आणि जेट प्रवाह आपल्या बराच उत्तरेला. पावसाळ्यात खालपासून वरपर्यंत सगळीच हवा ओली. कोरड्या हवेशी टक्कर उरत नाही. अगदी अशक्य नाही, पण दुर्मीळ.

आपल्याला भ्यायचं ते वळवाच्या ढगांना. कुलाबा आणि वेरावलीच्या रडारवर ते दिसतात, हवामान खातं पुढच्या तीन तासांचा इशारा देतं. तेवढ्या वेळात परांचीवरची माणसं खाली उतरवता येतात.