धाकटी व्हेस्पा

[दृश्य: अरुंद गल्ली. किक. इंजिन एकदा खोकून थांबतं. पुन्हा किक. चालू.]

हा आवाज ओळखीचा वाटेल. वडिलांच्या पुढ्यात, हँडलला धरून उभ्याने ज्यांनी शाळा गाठली, त्यांना तर नक्कीच. पण ही गल्ली पुण्यातली नाही. हे पोन्तेदेरा, इटलीतल्या टस्कनीमधलं, आर्नो नदीकाठचं कारखान्याचं गाव. आणि ही व्हेस्पा ५० स्कूटर, व्हेस्पा घराण्यातली सगळ्यात धाकटी. जन्म १९६३ चा.

[दृश्य: गॅरेज. स्कूटरची उजवी बाजू, मेकॅनिकचे हात.]

तिच्या उजव्या कुशीतलं हे छोटंसं दार बघा. थोरल्या व्हेस्पांचे दोन्ही बाजूंचे फुगवटे सुटे व्हायचे. डावीकडच्याला आपण डिक्की म्हणायचो. हिचे फुगवटे सुटत नाहीत, कारण ते अंगाचाच भाग आहेत. म्हणून इंजिनला हात घालायचा तो या दारातून. दाबून आकार दिलेला पत्रा जोडून एकच कवच केलंय आणि सगळा भार त्या कवचावरच आहे. आत वेगळा सांगाडा नाही.

ही रीत दुचाकीवाल्यांची नव्हे, विमानवाल्यांची.

[दृश्य: संग्रहालय. जुने फोटो, काचेमागची स्कूटर.]

व्हेस्पा बनवणारी पियाजिओ कंपनी दुसऱ्या महायुद्धात विमानं बनवायची. पी-१०८ हे चार इंजिनांचं बॉम्बफेकी विमान त्यांचंच. बॉम्बहल्ल्यांनी पोन्तेदेराच्या कारखान्याची वाताहत झाली आणि एन्रिको पियाजिओंनी ठरवलं, की आता सामान्य माणसाला परवडेल अशी दुचाकी करायची. पहिल्या नमुन्याला कामगारांनी नाव दिलं ‘पापेरिनो’. इटलीत डोनाल्ड डकला पापेरिनो म्हणतात. त्यात पायांच्या मधेच उंचवटा होता. एन्रिकोंना तो नमुना पटला नाही. मग काम गेलं कोर्रादिनो दास्कानियो यांच्याकडे.

दास्कानियो हेलिकॉप्टरचे इंजिनिअर. १९३० मध्ये त्यांच्या हेलिकॉप्टरने जमिनीपासून १८ मीटर उंची गाठून विक्रम केला होता. मोटरसायकल मात्र त्यांना मुळीच आवडत नसे. चेनचं वंगण कपड्यांना लागतं, पंक्चर झालं की चाक काढता काढता घाम फुटतो, बसायचं तर टांग टाकून. आता या तक्रारी मनात ठेवा आणि स्कूटरकडे बघा.

[दृश्य: कॅमेरा पुढच्या चाकापासून मागे सरकतो.]

पुढचं चाक एकाच बाजूने धरलंय, विमानाच्या चाकासारखं. त्यामुळे ते मोटारीच्या चाकासारखं बाजूने निघतं. इंजिन थेट मागच्या चाकाशी, म्हणून चेनच नाही. गिअर डाव्या मुठीत. पायांपुढे पत्र्याची ढाल, म्हणजे चिखल अंगावर येत नाही. आणि मधे मोकळी जागा. झगा घातलेली बाईसुद्धा सहज बसू शकते. मोटरसायकल न आवडणाऱ्या माणसाने ही गाडी केली, म्हणून ती सगळ्यांची झाली, असं मला मनापासून वाटतं.

नमुना बघून एन्रिको म्हणाले, ही तर वेस्पासारखी दिसते! वेस्पा म्हणजे गांधीलमाशी. कंबर बघा, पटेल. २३ एप्रिल १९४६ रोजी पेटंटचा अर्ज झाला. पहिली व्हेस्पा ९८ सीसीची होती.

[दृश्य: पुन्हा गॅरेज. दार उघडं, आत टॉर्चचा उजेड.]

मग ही ५० सीसीची कशासाठी? तेव्हा इटलीत ५० सीसीपर्यंतच्या गाडीला नंबरप्लेट लागत नसे, लायसन्स लागत नसे आणि चौदाव्या वर्षी ती चालवता येई. शिवाय १९५७ पासून छोटी फियाट ५०० बाजारात होती. मोठी माणसं चारचाकीकडे वळत होती, मुलं मात्र दारात उभीच होती. दास्कानियोंनी आखलेली ही शेवटची व्हेस्पा. एवढ्याशा जागेत इंजिन मावावं म्हणून सिलिंडर आडवा न ठेवता ४५ अंशांत तिरका बसवलाय. साधी केबल, साधा प्लग, साधा कार्बोरेटर. बॅटरीही नाही, दिवा इंजिनच्याच मॅग्नेटोवर, म्हणजे त्याच्यासोबत फिरून वीज तयार करणाऱ्या भागावर, लागतो. हे हात बघा, एकेक भाग कसा सुटतोय. साठ वर्षं होऊन गेली तरी पाना-पकडीने उघडून नीट करता येते ही गाडी. अशी वस्तू भंगारात जाऊ नये.

पेट्रोलबरोबर ऑइलही जाळणाऱ्या या टू-स्ट्रोक इंजिनाचा निळा धूर हवेला बरा नाही, हे खरंच. म्हणून जुन्या स्कूटरवर काही शहरांत निर्बंधही आले.

आपल्याशी नातं थोरल्या पातीचं. साठच्या दशकात बजाज ऑटोने पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवल्या, आणि तो करार संपल्यावर १९७२ मध्ये चेतक आली. आज पियाजिओची व्हेस्पा बारामतीत बनते.

[दृश्य: दार बंद. टाकीचं झाकण उघडतं.]

पेट्रोलमध्ये ऑइल, शंभराला दोन. पेट्रोलचा नळ उघडला. स्टँड काढला.

[दृश्य: गल्लीचं टोक, स्कूटर पाठमोरी.]

आता फक्त चालवणारीचा डावा हात बघा. क्लच दाबला, मूठ फिरली, दुसरा गिअर पडला.