शिट्टीच्या आधीचा अर्धा सेकंद

(मेलबर्नच्या पश्चिम उपनगरातल्या मराठी मंडळींसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित करून.)

नमस्कार मंडळी. निमंत्रणात विषय 'फुटीची ओळख' असा छापलाय. फुटी म्हणजे इथला ऑस्ट्रेलियन फुटबॉल. ओळख मी करून देतो, पण मला खरं बोलायचंय ते पंचांविषयी. हा खेळ मी गेली अनेक वर्षं मनापासून बघतोय, आणि माझं ठाम मत झालंय की आपण मैदानावर जो राग काढतो तो चुकीच्या माणसावर काढतो.

ओळख आधी उरकतो. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, दोन्ही बाजूंना अठरा-अठरा खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून पायाने मारलेला चेंडू सरळ गेला तर गोल, सहा गुण. बाजूच्या बुटक्या खांबांच्या फटीतून गेला तर बिहाइंड, एक गुण. लाथेने मारलेला चेंडू पंधरा मीटर किंवा जास्त अंतर येऊन कुणी हवेत झेलला तर तो मार्क. मग त्याला कुणी हात लावायचा नाही, त्याने निवांत मारायचा. चेंडू द्यायचा तर लाथेने किंवा मुठीने ठोसून. फेकायचा नाही. पन्नास मिनिटं समजावलं तरी एवढंच सांगेन. बाकीचं प्रत्यक्ष बघूनच कळतं.

आपल्याला जवळचं वाटेल असं एक सांगतो. हा खेळ क्रिकेटवाल्यांनी उभा केला. 1858 च्या जुलैमध्ये टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, की हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगं जड होऊ नयेत म्हणून काहीतरी करा, फुटबॉलचा क्लब काढा. पुढच्या वर्षी, 17 मे 1859 रोजी, मेलबर्न क्लबच्या चार-पाच जणांनी बसून नियम लिहिले. फक्त दहा. त्यातला शेवटचा नियम असा, की चेंडू कोणत्याही परिस्थितीत फेकायचा नाही. आज मुठीने जो हँडबॉल मारतात त्याचं मूळ तिथे आहे. आणि त्याच दहांत एक नियम होता की समोरचा 'वेगात' असेल किंवा त्याच्याकडे चेंडू असेल तर त्याला ढकलायला हरकत नाही. आता बघा, वेगात म्हणजे किती वेगात? ते ठरवणार कोण? म्हणजे पहिल्या दिवसापासून या खेळाच्या पोटात एका माणसाची नजर बसवलेली आहे. ती काढून टाकता येत नाही.

आता येतो होल्डिंग द बॉलवर. हा नियम कळला की खेळ कळला.

चेंडू हातात असताना तुम्हाला कुणी नियमात पकडलं, म्हणजे खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर, तर पंचाने मनाशी एक प्रश्न विचारायचा: याला आधी चेंडू सोडायची संधी होती का? होती, तर पकड बसताक्षणी चेंडू लाथेने किंवा मुठीने नीट गेला पाहिजे. नाही गेला, तर फ्री किक पकडणाऱ्याला. संधी नव्हती, तर निदान सोडायचा प्रामाणिक प्रयत्न दिसला पाहिजे. पडलेल्या चेंडूवर झेप घेऊन तो अंगाखाली ओढलात तर संधी होती असं धरतात. कागदावर सोपं वाटतं ना? आता मैदानावर या. पाऊस पडतोय, चेंडूवर सहा जण आहेत, एकाने चेंडू उचलला, वळला, पाऊल टाकलं न टाकलं तोच मागून हात कमरेत. संधी होती का? पंचाला उत्तर द्यायला अर्धा सेकंद आहे, आणि त्याच अर्ध्या सेकंदात सगळं मैदान एका सुरात ओरडतं, 'बॉऽऽऽल'. तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. नव्वद हजार माणसं एकच शब्द लांबवतात आणि त्या आवाजाच्या मधोमध एकटा माणूस उभा असतो, तोंडात शिट्टी धरून.

मी शाळेत कबड्डी खेळलोय. पकडीत सापडलेला चढाईपटू मध्यरेषेकडे सरपटतो, त्याचं बोट रेषेला टेकलं की नाही, आणि टेकलं तेव्हा दम होता की गेला होता, हे पंच कान आणि डोळे एकत्र लावून सांगतो. त्या पंचाशी आम्ही भांडायचो, पण यंत्राने निकाल द्यावा असं कुणाच्या मनातही आलं नाही. फुटीचा पंच त्याच जातीचा आहे.

आता माझ्या संघाचं. मी वेस्टर्न बुलडॉग्जचा. इथे आलो तेव्हा पहिलं भाड्याचं घर फुट्सक्रेमध्ये, बुलडॉग्जच्या व्हिटन ओव्हल मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर. ऑफिसात पहिल्याच आठवड्यात विचारलं, कुठल्या टीमचा? मी घराजवळची टीम सांगितली आणि प्रश्न कायमचा सुटला. 2016 साली आम्ही सातव्या क्रमांकावरून अंतिम सामन्यात पोचलो आणि सिडनीला हरवून जिंकलो, 22 गुणांनी. त्याआधीचं विजेतेपद 1954 चं. बासष्ट वर्षं! कर्णधार बॉब मर्फी मोसमाच्या सुरुवातीलाच गुडघा जायबंदी होऊन बाहेर बसलेला. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिजने व्यासपीठावर त्याला बोलावलं आणि स्वतःच्या गळ्यातलं पदक काढून त्याच्या गळ्यात घातलं. आमच्या गल्लीत त्या रात्री म्हातारी माणसं फाटकापाशी उभी राहून रडत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण त्याच सामन्याचा एक आकडा इतर संघांचे लोक मला अजून ऐकवतात. फ्री किक आम्हाला 20, सिडनीला 8. हा आकडा मी नाकारत नाही. तो खरा आहे आणि बघायला वाईट दिसतो. मी तो सामना पुन्हापुन्हा पाहिलाय, आणि दोन-तीन शिट्ट्या मला स्वतःला पटत नाहीत. तरी मी सांगेन की फ्री किक म्हणजे रेशनचे तांदूळ नव्हेत, दोन्ही घरांना सारखे वाटायला. जो संघ आधी चेंडूवर पोचतो त्याच्यावर फाउल जास्त होतात.

आणि त्या सामन्याचं भवितव्य ज्या क्षणी ठरलं, त्या क्षणी खेळ थांबलाच नाही. शेवटचा क्वार्टर, लान्स फ्रँकलिनच्या हातात चेंडू. फ्रँकलिन म्हणजे साधा माणूस नव्हे. 2008 मध्ये त्याने एका मोसमात शंभरावर गोल केले, त्यानंतर आजवर ते कुणालाच जमलेलं नाही. त्याला आमच्या डेल मॉरिसने गाठून पकडलं. मॉरिसच्या पाठीचे मणके फ्रॅक्चर झालेले होते, हे नंतर कळलं. तशा पाठीने त्याने फ्रँकलिनला पकडला. चेंडू निसटला, टॉम बॉइडकडे गेला, त्याने दुरून मारला आणि चेंडू टप्पे खात रिकाम्या गोलमधून आत गेला. पंचाने शिट्टी फुंकली असती तर फ्री किक मिळाली असती, पण गोल गेला असता. चांगला पंच कधी गप्प राहायचं हे जाणतो. ही गोष्ट कुठल्याही आकडेवारीत येत नाही.

आता खेळाडू नियम कसा वाकवतात ते बघा. जीलॉंग संघाचा जोएल सेलवुड, चार विजेतेपदं, डोक्याला पट्टी बांधून रक्ताळलेला खेळायचा. त्याच्याइतका निधड्या छातीचा खेळाडू मी पाहिला नाही. पण त्याच्याकडे एक कला होती. कुणी खांद्याला पकडलं की हात वर झटकायचा आणि गुडघे किंचित मोडायचे. पकडणाऱ्याचा हात घसरून मानेवर यायचा, आणि मानेवरची पकड म्हणजे फ्री किक. नियमाप्रमाणे शंभर टक्के बरोबर! पंच काय करणार? हात मानेवर दिसतोय. हळूहळू लहान मुलं तेच शिकायला लागली, मान पुढे करायला लागली. ते मला फार धोक्याचं वाटत होतं. अखेर 2022 च्या जुलैमध्ये मोसमाच्या मध्यावरच एएफएलने, म्हणजे फुटीची मुख्य लीग चालवणाऱ्या संस्थेने, पंचांना सांगितलं, की ज्याने स्वतःहून मान आत घातली त्याला फ्री किक देऊ नका. निर्णय योग्य होता. पण त्या दिवसापासून पंचाला हात कुठे आहे हे बघायचंच, आणि तो तिथे कुणामुळे आला हेही बघायचं. अर्धा सेकंद मात्र तेवढाच राहिला.

माझी तक्रार इथे आहे. नियम करणारे थांबत नाहीत. 2019 मध्ये प्रत्येक सेंटर बाउन्सला, म्हणजे मैदानाच्या मध्यावरून खेळ सुरू होताना, सहा-सहा-सहा असे तीन भागांत उभे राहा. 2021 मध्ये स्टँडचा नियम, मार्क घेतलेल्या जागी समोर उभा राहणारा हलला की पन्नास मीटरचा दंड, म्हणजे चेंडू तेवढा गोलजवळ नेतात. 2024 मध्ये मोसम सुरू असताना होल्डिंग द बॉलला वेळ कमी करा. पन्नास मीटरचा दंड तर मला सगळ्यात खटकतो. एका पावलाची चूक आणि त्याची किंमत बहुतेक वेळा सहा गुण! आणि 2026 च्या मोसमापासून सेंटर बाउन्सही गेला. पंच चेंडू जमिनीवर आपटून वर उडवायचा, दोन उंच खेळाडू झेपावायचे, आणि खेळ सुरू व्हायचा. या खेळाची ती नांदी होती. आता पंच चेंडू नुसता वर टाकतो. मला हळहळ वाटली, मनापासून वाटली. पण बाउन्स नीट न जमल्यामुळे किती चांगले पंच मागे पडत होते आणि कितींच्या पाठी दुखावत होत्या हे कळल्यावर मी विरोध सोडला. स्टँडच्या नियमाला मात्र माझा विरोध कायम आहे.

पंचांच्या चुका होत नाहीत असं मी म्हणत नाही. 2009 च्या अंतिम सामन्यात जीलॉंगच्या टॉम हॉकिन्सचा फटका खांबाला लागला, म्हणजे खरं तर एकच गुण, आणि तरी गोल दिला गेला. सेंट किल्डा बारा गुणांनी हरले. त्यानंतर व्हिडिओ आला. 2023 मध्ये व्हिडिओ होता, तरी ॲडलेडच्या बेन कीजचा स्वच्छ गोल खांबाला लागला असं धरून एकच गुण दिला गेला, कुणी रीप्ले मागितलाच नाही, आणि सिडनी एका गुणाने जिंकलं. ॲडलेडचं त्या वर्षीचं बाद फेरीचं स्वप्न तिथे मोडलं. एएफएलने चूक कबूल केली, पण निकाल बदलला नाही. 2006 मध्ये लॉन्सेस्टनला सामना संपल्याचा भोंगाच इतका क्षीण वाजला की पंचांना ऐकू आला नाही; खेळ पुढे चालला, सेंट किल्डाने बरोबरी साधली, आणि काही दिवसांनी फ्रीमँटलला विजयी ठरवलं. तिथे पंचाचा दोष किती? भोंगा काही त्याच्या हातात नव्हता.

आणि याच पंचांच्या हातात खेळातला सर्वोच्च वैयक्तिक मान आहे, हे किती जणांना माहीत आहे? ब्राउनलो पदक. प्रत्येक साखळी सामन्यानंतर मैदानी पंच मिळून तिघांना तीन, दोन, एक अशी मतं देतात. 2024 मध्ये कार्लटनच्या पॅट्रिक क्रिप्सला 45 मतं मिळाली, आजवरची सर्वाधिक. लोक म्हणतात पंचांना फक्त मधल्या फळीतले खेळाडू दिसतात, बचावपटू दिसत नाहीत. यात तथ्य आहे. मॉरिससारख्याला ते पदक कधी मिळालं नसतं. आमच्या मार्कस बॉन्टेम्पेलीला अजून मिळालेलं नाही, याचं मला दुःख आहे. तो गर्दीत चेंडू घेऊन उभा राहतो तेव्हा वाटतं, याला इतरांपेक्षा जास्त वेळ मिळालाय. सगळे घाईत आणि हा डावा पाय उचलायच्या आधी मान वर करून बघतो. तरीही पदक पंचांनीच द्यावं असं माझं मत आहे. 2025 मध्ये त्यांनी ते मॅट रॉवेलला दिलं, जो चेंडूइतकाच टॅकलसाठी ओळखला जातो. ते काम पत्रकारांच्या कक्षातून दिसत नाही, दहा पावलांवरून दिसतं.

शेवटी माझी स्वतःची एक सकाळ सांगतो. मुलीच्या बारा वर्षांखालच्या संघाचा सामना, जुलैतली थंडी, मैदानात चिखल. गोल पंचाचं काम पालकांनी करायचं असतं, त्या दिवशी माझी पाळी. अंगात पांढरा कोट, हातात दोन पांढरे झेंडे. शेवटची दोन मिनिटं, आमच्या मुलीने मारलेला चेंडू वर गेला आणि खाली येताना मला खांबाच्या पॅडवर एक बारीक 'थप' ऐकू आली. दिसलं काहीच नाही, नुसता आवाज. आमच्याच बाजूचे एक गृहस्थ रेषेपाशी येऊन ओरडायला लागले, गोल आहे, गोल आहे. मैदानी पंच पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा. तो धावत आला, त्या गृहस्थांकडे त्याने बघितलंही नाही. मला विचारलं, 'तुम्हाला काय वाटतं?' मी म्हटलं, 'लागला.' तो म्हणाला, 'मग एकच.' मी एक बोट दाखवलं आणि एक झेंडा हलवला. आम्ही दोन गुणांनी हरलो. मुलगी गाडीत घरी येईपर्यंत बोलली नाही. जेवताना म्हणाली, 'बाबा, मलाही आवाज आला होता.'

तो मुलगा पुढच्या मोसमात दिसला नाही. विचारलं तर कळलं, त्याने शिट्टी सोडली. त्या दिवशी सामना संपल्यावर कुणीतरी त्याला गाडीपर्यंत गाठून बोललं होतं. 2022 मध्ये एएफएलने मोठ्या सामन्यांत पंचाकडे हात पसरून तक्रार केली तर पन्नास मीटरचा दंड सुरू केला, तेव्हा बऱ्याच जणांनी टीका केली. मी वर म्हटलं की हा दंड मला खटकतो. पण या एका ठिकाणी नाही.

आपल्या भागातल्या ज्युनिअर क्लबना पंच कमी पडतायत. शिट्टीचा वर्ग ते स्वतः घेतात, वय चौदा असलं तरी चालतं. झेंडे धरायला तर वर्गही लागत नाही. आपली मुलं ऑस्किकला, म्हणजे लहान मुलांच्या फुटीच्या वर्गाला, जातात, आपण कडेला खुर्च्या टाकून चहा पितो. शनिवारी सकाळी मी तिथेच असतो, पांढरा कोट माझ्या गाडीत एक जास्तीचा आहे. ज्यांना यायचंय त्यांनी आज जाताना मला नाव सांगावं.