तात्यांच्या सिनेमाचा शेवट

नमस्कार श्रोतेहो.

आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते नौदलात नोकरी केलेल्या एका माणसाच्या आठवणींबद्दल, आणि त्यानं आयुष्यभर जपलेल्या एका सिनेमाबद्दल. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे गोष्टीच्या ओघात ते हरवायला नको. माणूस एखादा सिनेमा आठवतो तेव्हा पडद्यावर जेवढं घडलं तेवढंच तो आठवत नाही. त्यात त्याचं स्वतःचं मिसळलेलं असतं. आणि ते मिसळलेलं आपण चूक म्हणून बाजूला टाकू नये.

आपल्या भागात फौजेचं अप्रूप कुणाला सांगायला नको. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर ‘मिलिटरी अपशिंगे’ हेच नाव पडलं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जवान कामी आले. घरोघरी भिंतीवर फेट्यातला किंवा बॅरेतला फोटो असतो. पण पांढऱ्या गणवेशातला, गोल टोपीचा फोटो किती घरांत दिसतो? फार थोड्या. समुद्र आपल्याला लांब. आणि त्यात आटपाडी तालुका म्हणजे पावसानं कायम पाठ फिरवलेला. तिथला पोरगा नेव्हीत जातो, हेच मुळात नवल होतं.

तो पोरगा म्हणजे माझे थोरले चुलते. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. जहाजावर ते स्टोकर होते. स्टोकर म्हणजे बॉयलरपाशी काम करणारा. खाली पोटात, जिथं समुद्र दिसत नाही, फक्त ऐकू येतो. तात्या म्हणायचे, “लोकास्नी वाटतं नेव्हीवाला दिसरात पाणी बघतो. आम्ही ज्वाळ बघितली, पाणी न्हाय.” जहाजावर गोडं पाणी समुद्राच्या पाण्याची वाफ करून, ती थंड करून काढावं लागायचं. बॉयलरला तेच, प्यायला तेच, आंघोळीलाही तेच. त्यामुळे पाणी मोजून मिळायचं. पंजाबकडची पोरं कुरकुरायची. तात्यांना त्याचं काहीच वाटायचं नाही. एका कळशीत अख्खं घर सावरणारी आई ज्यानं पाहिली, त्याला पाण्याचं रेशन नवं नव्हतं.

जाता जाता एक सांगतो. तात्यांची सगळ्यात मोठी तक्रार जहाजावरच्या पावाबद्दल असायची. पावानं पोट भरतं पण भूक जात नाही, असं ते म्हणत. माझंही मत तेच आहे. ज्वारीची भाकरी ज्या घरातून गेली त्या घरातल्या पोरांची ताकद गेली, हे मी कुठल्याही डॉक्टरसमोर बोलायला तयार आहे. असो. मूळ विषयावर येतो.

तात्या खुकरीबद्दल सांगत. आय.एन.एस. खुकरी. तरुण श्रोत्यांसाठी थोडक्यात सांगतो. 1971 चं युद्ध. 9 डिसेंबरची रात्र. दीवच्या किनाऱ्यापासून दूर अरबी समुद्रात पाकिस्तानच्या हँगोर या पाणबुडीनं आपल्या खुकरीवर टॉर्पेडो सोडला. काही मिनिटांत जहाज बुडालं. 18 अधिकारी आणि 176 खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. माणसांना बाहेर काढत राहिले आणि जहाजाबरोबर गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. दीवला खुकरीचं स्मारक आहे. तिकडं सहलीला जाणाऱ्यांनी तिथं जरूर थांबावं.

आता तात्यांचं ऐका. एका वेळी ते म्हणायचे, “खुकरी बंदरातनं निघाली तवा मी धक्क्यावर हुतो, हात केला हुता.” पुढच्या दिवाळीला म्हणायचे, “आम्ही जहाजावरच हुतो, वायरलेसवाल्या पोरानं येऊन सांगितलं.” आणखी कधी म्हणायचे की त्यांचा एक सोबती खुकरीवर होता, त्याची पेटी तात्यांकडंच राहिली. दर खेपेला सांगणं वेगळं. पण एक गोष्ट कधीच बदलली नाही. शेवटी ते म्हणायचेच, “त्यो उभा ऱ्हायला. सगळी गेली, त्यो उभा ऱ्हायला.”

आणि मग ते सिनेमाकडं वळायचे. दर वेळी, न चुकता.

तात्यांच्या म्हणण्याप्रमाणं जहाजावर डेकवर सिनेमा दाखवत. पांढरं कापड ताणून बांधायचं, छोटं प्रोजेक्टर लावायचं, आणि कापडाच्या दोन्ही बाजूंना माणसं बसायची. मागच्या बाजूच्यांना अक्षरं उलटी दिसत आणि डावखुरे नट दिसत, पण कुणाचं काही अडत नसे. वारा आला की कापड फुगायचं, आणि नटाचं तोंड पोटापाशी यायचं. त्या कापडावर तात्यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ पाहिला.

व्ही. शांताराम यांचा 1957 चा हा सिनेमा श्रोत्यांपैकी बहुतेकांना ठाऊक असेल. आदिनाथ नावाचा जेलर सहा खुनी कैद्यांना तुरुंगाबाहेर, माळरानावर घेऊन जातो. बेड्या नाहीत, भिंती नाहीत. त्यांच्याकडून शेती करवून घेतो. सहा माणसांचे बारा हात, आणि त्यांच्यावर राखण फक्त त्याच्या दोन डोळ्यांची. बर्लिनच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. पण आपल्यासाठी महत्त्वाचं वेगळंच आहे. ही कथा आपल्या मातीतली आहे. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानच्या काळात, 1939 साली, तिथं कैद्यांची मोकळी वसाहत सुरू झाली. कैदी तिथं शेती करून राहिले, बायकापोरांसह राहिले. आणि सिनेमाची कथा लिहिली गदिमांनी, माणदेशच्याच माणसानं. परत सांगतो, कारण आपल्याच जिल्ह्यात हे अनेकांना माहीत नसतं: ज्या प्रयोगावरून तो जगभर गाजलेला सिनेमा निघाला, तो प्रयोग आपल्या आटपाडीजवळच झाला.

आता विचार करा. आटपाडीचा एक पोरगा, घरापासून शेकडो मैलांवर, रात्री डेकवर बसलाय. आणि समोरच्या कापडावर त्याच्या गावाशेजारची गोष्ट चाललीय. खडकाळ माळ, नांगर, विहीर. तात्या म्हणायचे, “आमच्या वरच्या आळीची हीर दावली हुती त्यात.” दाखवली नव्हती. सिनेमा त्या विहिरीवर घेतलेला नाही. पण तात्यांना ती दिसली.

मग आमच्या गल्लीत पहिला टीव्ही आला. काळापांढरा, लाकडी दारांचा. एका रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर नेमका हाच सिनेमा लागणार होता. मी शाळकरी पोर. मीच धावत जाऊन तात्यांना सांगितलं. तात्यांनी त्या दिवशी दाढी केली. इस्त्रीचा सदरा घातला. काकी म्हणाल्या, “कुणाच्या लग्नाला?” तात्या काही बोलले नाहीत. शेजारच्यांनी त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती, तेवढा मान त्यांना होता. आम्ही पोरं खाली बसलो. एक जण अँटेना धरायला माळवदावर.

सिनेमा सुरू झाला. तात्या मधूनमधून मला ढोसायचे. “आता बघ, पळून जात्यात. आता बघ, परत येत्यात.” सगळं बरोबर सांगत होते. खेळणी विकणारी बाई येणार, बाजारात भाजीवरून भांडण होणार, सगळं. माझी छाती फुगली होती, की आमच्या तात्यांना सगळा सिनेमा पाठ आहे.

शेवट आला. ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवत असेल, व्यापाऱ्याच्या माणसांकडून हल्ला होतो, आणि आदिनाथ बैलाशी झुंजतो. त्या झुंजीत मरतो. शांतारामांना चित्रीकरणात त्या बैलानं खरीच इजा केली होती, डोळ्याला लागलं होतं.

बैल पडद्यावर आला आणि तात्या खुर्चीतून उठले.

“ह्यो न्हवं,” म्हणाले.

कुणाला काही कळेना. शेजारचे काका म्हणाले, “तात्या, बसा की, संपत आलाय.”

“ह्यो त्यो शिनेमा न्हवं. ह्यात बैल कुठनं आला? त्यात बैल न्हवता. त्यो उभा ऱ्हातो. सगळी पोरं निघून जात्यात, आन् त्यो उभा ऱ्हातो. पाणी वर येतं, त्यो हालत न्हाय.”

माळरानावरच्या त्या सिनेमात पाणी वर येतं! एक पोरगं हसलं. तात्यांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ते पडद्याकडंच बघत होते. आणि मग म्हणाले, ते मला जसंच्या तसं आठवतंय, “खिल्लार माणसाला मारत न्हाय. आमच्या खरसुंडीच्या जत्रंत मी हजार बैलं बघितल्यात.” एवढं बोलून ते निघून गेले. चप्पल तिथंच राहिली. काकींनी मला चप्पल घेऊन पाठवलं. मी गेलो तर तात्या वाड्याच्या पायरीवर बसलेले. मला म्हणाले, “पोरा, तू सांग. तूच सांग. आदल्या दिशी आपल्यासंगं जेवल्याली माणसं अशी बैलानं मरत्यात व्हय?”

श्रोतेहो, मी त्या वयात काय उत्तर देणार? मी शेजारी बसून राहिलो.

तात्या गेल्यावर फार दिवसांनी त्यांचे एक सोबती आमच्याकडं आले. गुहागरकडचे, तेही नौदलातले. काकींना भेटायला मुद्दाम आले होते. जेवण झाल्यावर मी सिनेमाचा विषय काढला. ते म्हणाले, “हो, डेकवर सिनेमा लागायचा. त्या रात्रीचा मला आठवतो. शेवटचं रीळ चढलंच नाही. दिवे बंद करायचा हुकूम आला, सराव होता. सगळे शिव्या घालत खाली गेले.”

मी ताठ बसलो. म्हणजे तात्यांनी शेवट पाहिलाच नव्हता! मग मी विचारलं, सिनेमा कोणता होता? त्यांनी थोडा विचार केला आणि वेगळ्याच सिनेमाचं नाव घेतलं. ठाम. “शप्पथ सांगतो, तोच,” म्हणाले. तेव्हा रीळ कोणत्या सिनेमाचं राहिलं, हे आता कुणी सांगू शकत नाही.

तात्यांचं डिस्चार्ज बुक माझ्याकडं आहे. त्यात तारखा आहेत. डिसेंबर 1971 मध्ये ते जहाजावर नव्हतेच, मुंबईत किनाऱ्यावरच्या नेमणुकीवर होते. आणि युद्धाच्या दिवसांत उघड्या डेकवर सिनेमा लागणं शक्यही नव्हतं, बाहेर काडीचा उजेड दिसता कामा नये असा दंडक असतो. म्हणजे सिनेमा आधीचा, खुकरी नंतरची. मुंबईत ब्लॅकआउट, दिवे नाहीत, आणि बंदरात बातमी फिरतेय की खुकरी परत येणार नाही. आपली माणसं ज्याच्या भरवशावर होती तो त्यांना सोडून गेला नाही, हे तात्यांनी अंधारात ऐकलं असणार. आणि त्यांच्या डोक्यात आधीच एक माणूस बसलेला होता, दोन डोळ्यांवर माणसं सांभाळणारा. आदिनाथाच्या जागी कॅप्टन उभा राहिला, की कॅप्टनच्या जागी आदिनाथ, हे मी ठरवत नाही.

अभ्यासकांनी यावर पुष्कळ काम केलंय. एकच सांगतो. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 साली आपले प्रयोग मांडले. त्यांनी इंग्लिश लोकांना अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर पुन्हा पुन्हा सांगायला लावली. कथेतल्या झाडाच्या डोंग्या सांगताना साध्या होड्या झाल्या, भुतांचा भाग गळाला. ज्याला जे ओळखीचं, तेच उरलं. बार्टलेट यांचं म्हणणं, आठवण ही ठेव म्हणून ठेवलेली नसते, प्रत्येक वेळी नव्यानं रचली जाते. सिनेमा तर याहून जोरदार. रशियातल्या पोतेमकिन जहाजावर 1905 साली खलाशांनी बंड केलं, किडक्या मांसावरून. त्यावर 1925 साली आयझेनस्टाइननं चित्रपट काढला, त्यात ओडेसाच्या पायऱ्यांवरचा गोळीबार आहे. शहरात रक्तपात झाला होता, पण पायऱ्यांवरचं ते दृश्य दिग्दर्शकानं रचलेलं. आज जगाला पायऱ्याच आठवतात.

आणि अन्नावरून आठवलं. आपल्याकडंही 18 फेब्रुवारी 1946 ला मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या तळावर खलाशांनी खराब जेवणावरून काम बंद केलं, आणि ते बंड बंदराबंदरांत पसरलं. शाळेच्या पुस्तकात त्याला चार ओळी असतात. चार ओळी! गडकोटांवर पानंच्या पानं लिहावीत, जरूर लिहावीत, पण या पोरांवर एक पान तरी हवं.

तर, तात्यांच्या आठवणीचं मी काय केलं ते सांगतो. एक जाड वही घेतली. डाव्या पानावर डिस्चार्ज बुकातल्या तारखा, नेमणुका, जशा आहेत तशा. उजव्या पानावर तात्यांचं सांगणं, त्यांच्याच बोलीत, सगळ्या तऱ्हांसकट. धक्क्यावरून हात केला ते, वायरलेसवाला पोरगा ते, सोबत्याची पेटी तीही. डाव्या पानानं उजवं पान खोडायचं नाही, आणि उजव्या पानाला तारीख चिकटवायची नाही. आमच्या घरात यावरून वाद झाला. माझ्या मुलीचं मत, खोटं ते खोटं. माझं मत वेगळं आहे. तात्यांना मेडल नको होतं, त्यांनी कुणापाशी मोठेपणा मिरवला नाही. एका माणसाचं मरण त्यांना नीट, उभ्यानं सांगायचं होतं, आणि त्यासाठी हाताशी जो सिनेमा होता तो त्यांनी वापरला.

तुमच्याही घरात कुणी फौजेतून, नौदलातून, विमानदलातून आलेलं असेल. त्यांना लढाईबद्दल विचारलं की बहुतेक जण गप्प होतात किंवा ठरलेलं तेच सांगतात. त्यांना सिनेमाबद्दल विचारून बघा. तिकडं असताना कोणता सिनेमा पाहिला, कुठं बसून पाहिला, शेजारी कोण होतं, शेवटी काय झालं. बोलायला लागले की मध्ये मोबाईलवर तो सिनेमा शोधून दाखवू नका. आजकाल कुणी काही आठवायला लागलं की आपण लगेच फोन पुढं करतो, आणि माणूस तिथंच थांबतो. त्यांना शेवटापर्यंत जाऊ द्या. तारखांचे कागद काढायचेच असतील तर दुसऱ्या दिवशी काढा, आणि कागद बघताना तेही शेजारी बसलेले असू देत.

नमस्कार.